पडद्यावरचा यंत्रमानव



आहुप्याच्या एका ताईंनी विचारले आहे, की मुलगा अभियांत्रिकीला आहे, सुट्टीत घरी आला तरी संगणकावर खोटे यंत्र फिरवीत बसतो. याला अभ्यास म्हणावा की खेळ? ताई, हा अभ्यासच आहे.

खाचरात औत धरणाऱ्याला नियंत्रणशास्त्र नवे नाही. तास वाकडा जाऊ लागला की नजर ते टिपते, हात कासरा ओढतो, बैल वळतात, नजर पुन्हा तासावर जाते. कासरा जास्त ओढला तर तास दुसऱ्या अंगाला जातो, उशिरा ओढला तर नागमोडी होतो. यंत्रमानवाला किती ओढायचे आणि केव्हा, हे आकड्यांत सांगावे लागते. तो दुरून चालवायचा असेल तर आणखी पंचाईत! तिकडचे चित्र इकडे यायला आणि हुकूम तिकडे पोचायला वेळ लागतो. तोवर यंत्र पुढे गेलेले असते.

हे आकडे बसेपर्यंत पोरे शंभरदा चुकतात. खरे यंत्र हाती असेल तर दर चुकीला मोडतोड व्हायची. म्हणून संगणकातच त्याची नक्कल उभी करतात. त्यात यंत्राचे वजन, सांधे, चाकांची पकड, कॅमेऱ्याची नजर, सारे गणिताने मांडलेले असते. मुंबईच्या आयआयटीत ‘ई-यंत्र’ नावाचा उपक्रम आहे. त्याच्या २०२१-२२ च्या स्पर्धेत एक विषय होता, हरितगृहात फिरून पिकलेला टोमॅटो ओळखायचा आणि तोडायचा. त्याची तालीम मुलांनी संगणकातल्या हरितगृहातच केली. फवारणीचा ड्रोन शिकणाऱ्यांनाही आधी अशाच नकलेवर हात बसवावा लागतो. शिवाय काही नकला एकदा संगणकात भरून घेतल्या की चालवायला रेंज लागत नाही. डोंगरातल्या गावाला हे सोयीचे.

पण नकलेत जे भरले तेवढेच तिला कळते. टोमॅटोच्या हरितगृहातली जमीन सपाट असते. आपल्याकडे उताराची खाचरे, निसरडे बांध, आषाढात दहा पावलांवरचे दिसू न देणारे धुके. मुलाला एकदा विचारा, तुझ्या यंत्राच्या चाकाखाली चिखल आहे का? नसेल तर चिखलणीच्या दिवशी त्याला खाचरात उतरवा. पाय किती रुततो, चिखलातून निघताना कुठे जोर लागतो, हे वहीत टिपून घेऊ द्या. ते आकडे त्याला बाहेर सहसा मिळायचे नाहीत.