पाटीवरचे ‘शुद्ध’ आणि ताटातले मटण

पुण्याहून अहिल्यानगरकडे वा सोलापूरकडे निघालेल्या प्रवाशाला रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एकीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. दुसरीवर ‘घरगुती मटण खानावळ’, ‘बोल्हाई मटण’, ‘चुलीवरचे मटण’ असा मजकूर असतो. शाकाहारी उपाहारगृहांशी माझे कसलेही वैर नाही. तेथील पिठले-भाकरी मी अनेकदा आनंदाने खाल्ली आहे. माझे भांडण आहे ते ‘शाकाहारी’च्या आधी ठाण मांडून बसलेल्या ‘शुद्ध’ या एका विशेषणाशी, आणि प्रस्तुत लेख त्या भांडणासाठीच लिहिला आहे.

दूध शुद्ध असते, म्हणजे त्यात पाणी नसते. तूप शुद्ध असते, म्हणजे त्यात भेसळ नसते. पाटीवरच्या ‘शुद्ध’चा अर्थ मात्र निराळा आहे. तेथे भेसळीचा प्रश्नच नाही. तेथे सुचवायचे आहे ते हे, की आमच्याकडे शिजते ते पवित्र, आणि समोरच्या खानावळीत शिजते ते अपवित्र. अन्न अपवित्र ठरले की ते खाणारा माणूस अपवित्र ठरायला कितीसा वेळ लागतो? कोणी म्हणेल, ‘फादर, हा शब्द केवळ माहितीसाठी आहे. एकाच भांड्यात दोन्ही शिजत नाही, एवढेच ग्राहकाला कळावे.’ ठीक आहे. मग ‘केवळ शाकाहारी’ असे लिहावे. माहिती पुरती पोहोचते आणि कोणाचा अवमान होत नाही. इतका सोपा पर्याय हाताशी असताना ‘शुद्ध’चाच हट्ट धरला जातो, यातच त्या शब्दाचे खरे काम उघड होते.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील कुटुंबांसह मी यात्रेला निघालो होतो. वाटेत एका उपाहारगृहात आम्ही चहा-न्याहारी मागवली. एका मातेने आपल्या लहानग्यासाठी घरून आणलेले उकडलेले अंडे डब्यातून काढले, तोच व्यवस्थापक धावत आला. बाहेरचे खाणे चालत नाही, असे तो म्हणाला. हा नियम मी समजू शकतो. परंतु शेजारच्याच टेबलावर दुसरे एक कुटुंब घरच्या दशम्या आणि चटणी सोडून बसले होते. त्यांना कोणी हटकले नाही. आम्ही उठताच आमचे टेबल मात्र पाणी मारून दोनदा पुसून घेण्यात आले. ते मूल अवघे पाच वर्षांचे होते. त्या दिवशी ते काय शिकले असेल? आपण खातो त्यात काही लाजिरवाणे आहे, हेच ना?

हीच वृत्ति पुढे भाड्याच्या घराच्या दारात उभी राहते. ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचा सभ्य अवतार आहे, हे शहरात घर शोधणाऱ्या आमच्या तरुणांना पुरते ठाऊक आहे. हीच वृत्ति शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंतही पोहोचते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद करण्यात आला. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या घरी डाळही रोज शिजत नाही, त्या घरच्या मुलाच्या ताटातले हे सहा ग्रॅम कोणाच्या डोळ्यांत खुपले?

मांसाहार ही बाहेरून आलेली, आपल्या मातीला परकी सवय आहे, असे सांगणाऱ्यांना मी इनामगावला येण्याचे निमंत्रण देतो. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तेथील टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांसारखे नामवंत पुरातत्त्वज्ञ या कामात होते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या दीर्घ काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती नांदली. ते सातू पिकवीत, पाण्याचा पाट काढीत, धान्य साठवीत, आणि मांस खात. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण यांची हाडे तेथे मिळाली. त्यांपैकी अनेकांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही भाजलेली आहेत. घरातली चूल रोजच्या रांधण्याची आणि अंगणातली बहुधा मांस भाजण्याची, असे संशोधकांचे अनुमान आहे. पुढे हवामान कोरडे झाले, शेती आटली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, तेव्हा तर शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्याच आधाराने ही माणसे तगली.

त्याच वस्तीत एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लहानशी पेटी सापडली. तेथेच मस्तक नसलेली स्त्रीमूर्ति होती, आणि तिच्यासोबत मातीचाच बैल. म्हणजे जे लोक बैलाला देवतेशेजारी जागा देत होते, त्यांच्याच उकिरड्यात गुराढोरांची कापलेली हाडे पडत होती. श्रद्धा आणि आहार यांची सांगड त्यांनी आपल्या परीने घातली होती. त्यांना ‘अशुद्ध’ म्हणण्याचा अधिकार आज कोणाला आहे? दख्खनच्या या भूमीत नांगर धरणाऱ्या पहिल्या पिढ्यांतले ते आहेत.

आता दुसऱ्या बाजूचे ताट पाहू. उपवासाचे परम पवित्र अन्न म्हणून साबुदाण्याची खिचडी सर्वमान्य आहे. आपल्याकडचा साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तेथलाच. बटाटा तेथलाच. मिरचीही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. खिचडीतून ही चारही परदेशी मंडळी वजा केली, तर कढईत तूप-जिरेच उरेल! मी खिचडीची निंदा करीत नाही. ती मलाही प्रिय आहे. सांगायचे एवढेच की, इनामगावच्या अंगणात मांस भाजले जात होते तेव्हा साबुदाणा या देशाच्या स्वप्नातही नव्हता. देशी कोण आणि परदेशी कोण, हा वाद स्वयंपाकघरात नेणाऱ्यांनी आधी आपला डबा उघडून पाहावा.

आजचा समाज तरी कसा आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातले सुमारे ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया कधी ना कधी मांस-मासे खातात. आपल्या पुणे जिल्ह्यात वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरे शेळी-बोकडाचे मटण वर्ज्य मानतात आणि मेंढीचे खातात. ‘बोल्हाई मटण’ या पाटीचा उगम तो आहे. म्हणजे ती पाटीही एका श्रद्धेचीच पाटी आहे. मात्र तिच्यावर ‘शुद्ध’ असे कोणी लिहीत नाही. जत्रेतल्या कंदुरीला सारा गाव एका पंक्तीला बसतो, आषाढ सरता सरता घरोघरी मटण शिजते आणि श्रावणात तीच घरे ते आपण होऊन सोडतात. आमच्या प्रायश्चित्तकाळाआधीच्या कार्निव्हलची आठवण यावी, असाच हा प्रकार आहे.

येथे कायद्याचा उल्लेख टाळता येणार नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळू यांचीही कत्तल निषिद्ध झाली. कायदा पाळणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे आणि तो पाळला पाहिजे. परंतु कायदा आज काय करावे ते सांगतो. काल काय घडले ते तो बदलू शकत नाही, आणि शेजाऱ्याच्या पातेल्याचे झाकण उचलून पाहण्याचा परवाना तर तो कोणालाही देत नाही.

ख्रिस्ती माणसासाठी या प्रश्नाचा निकाल दोन हजार वर्षांपूर्वीच लागला आहे. बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळवीत नाही, अंतःकरणातून निघणारी दुष्टताच विटाळविते, अशी प्रभू येशूची शिकवण मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. यापो येथे पेत्राला झालेला दृष्टान्त आपण जाणतो. आकाशातून उतरलेल्या चादरीतले प्राणी पाहून तो मागे सरला. परंतु त्या दृष्टान्ताचा खरा रोख होता परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घराकडे. अन्नाची शिवाशिव संपल्याखेरीज माणसांची शिवाशिव संपत नाही, हे देवाने पेत्राला अशा रीतीने शिकविले. संत पौल तर करिंथ येथील भाविकांना बजावतो, की बाजारातले मांस विवेकबुद्धीला घोर न लावता खावे, आणि कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खावे. प्रवाशांसाठी याहून सोपा नियम कोणता?

मग आपण राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस का वर्ज्य करतो? संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस का मना केले, आणि आजाऱ्यांना मात्र त्यातून सूट का दिली? मांस अशुद्ध असते तर आजाऱ्याला ते देण्याचे कारण नव्हते. त्याग नेहमी चांगल्या वस्तूचा करायचा असतो. घाणीचा त्याग कोणी देवाला अर्पण करीत नाही. म्हणूनच जीवदयेपोटी आयुष्यभर मांस न खाणाऱ्या माणसापुढे मी आदराने मस्तक नमवितो. त्याने स्वतःसाठी काही सोडले आहे. पाटीवरचा ‘शुद्ध’ काहीच सोडत नाही; तो फक्त दुसऱ्याला खाली बसवितो.

आता, वाचकहो, थोडे आपल्याच घराकडे वळू. कारण ही पाटी आपल्या मनातही लटकलेली आहे. पाहुणे यायचे म्हटले की ‘आम्ही फार तर चिकन खातो हो,’ असे सांगणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याच घरी रविवारच्या मिस्सेनंतर वजडी किंवा सुकट शिजते, पण खिडक्या लावून. दुसरीकडे, विंदालू आणि सोरपोटेल म्हणजे प्रतिष्ठा आणि मुंडी-पाया-वजडी म्हणजे हलकेपणा, अशी उतरंड आपणच रचली आहे. सोरपोटेलात काय असते? डुकराचे काळीज आणि तत्सम अवयवच ना? पोर्तुगीज नाव लागले की ते थोर, आणि मराठी नाव राहिले की ते हीन? दलितांच्या अन्नावर मराठवाड्याच्या शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ लिहिला. ज्या पदार्थांना पाककृतींच्या पुस्तकांत कधी जागा मिळाली नाही, ते त्यांनी मानाने पानावर आणले. आपल्या किती घरांत आजीच्या अशा पदार्थांची एक ओळ तरी लिहून ठेवलेली आहे?

आणखी एक गोष्ट अधिक कठोरपणे सांगितली पाहिजे. सुटीच्या दिवशी गाडी काढून मटण खायला दूरवर जाण्याची आता रीत पडली आहे. तिला माझा विरोध नाही. परंतु आत कुटुंब ताटावर बसलेले आणि गाडीचा चालक बाहेर झाडाखाली वडापाव खात उभा, हे दृश्य मी आपल्याच माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या पंक्तींत अर्धे खाऊन टाकलेले मांसाचे तुकडे पिंपे भरून फेकले जातात, तेही पाहिले आहे. करिंथ येथील श्रीमंत भाविक प्रभुभोजनाच्या वेळी स्वतःचे आणलेले खाऊन तृप्त होत आणि गरीब तसेच उपाशी राहत. त्यांची संत पौलाने जी हजेरी घेतली, तीच आपलीही घेतली असती. ज्या टेबलावर चालकाला जागा नाही, ते टेबल पाणी मारून कितीही वेळा पुसले तरी अशुद्धच.

यावर उपाय मोठा नाही. प्रवासात निघाल तेव्हा गावातल्या साध्या खानावळीत जा. शिरूर-दौंडकडे बाजरीची भाकरी कुस्करून अळणी रस्सा खा, मग काळ्या मसाल्याचे सुके मटण मागवा. भिगवणला उजनीच्या पाण्यातला मासा चाखा. कोल्हापूरला तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से घ्या. मटण कोणाच्या मेंढवाड्यातून आले, खाटीक कोण, वाटण कोणी वाटले, ते मालकिणीला विचारा. ती कौतुकाने सांगेल, आणि ताटाची किंमत देताना घासाघीस करण्याची तुमची इच्छा उरणार नाही. चालकाला शेजारी बसवा. लागेल तेवढेच वाढून घ्या. सोबत कोणी शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी आधी मागवा. आपल्या आहारामुळे बंधूला ठेच लागत असेल तर तो सोडण्याची तयारी ठेवा, असेही त्याच पौलाने शिकविले आहे. घरी आलात की खिडक्या उघड्या ठेवून शिजवा आणि शेजाऱ्याने विचारले तर पदार्थाचे नाव मराठीत सांगा.

मम्रेच्या झाडांखाली अब्राहामाच्या दारी तीन वाटसरू आले. त्यांची जात, गोत्र, आहार काहीही न विचारता त्याने त्यांचे पाय धुण्यास पाणी दिले, कोवळे वासरू रांधविले, दूध आणि दही पुढे ठेवले, आणि स्वतः झाडाखाली उभा राहून त्यांना जेवू घातले. त्याच्या तंबूवर कोणतीही पाटी नव्हती. आपल्या उपाहारगृहांच्या मालकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आपल्या पाटीवरून तेवढा एक शब्द उतरवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. आणि आपण तो आपल्या मनावरून उतरवावा, ही माझ्या धर्मग्रामस्थांना आज्ञा समजावी.