फिल्टर धुवा, पण चकचकीत करू नका

फिशटँक पाळणाऱ्या बहुतेक घरांत एक समजूत ठाण मांडून बसलेली आहे: महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करायचा, वाळू धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. असं केलं की टँक ‘स्वच्छ’ झाला. चार-पाच दिवसांनी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, एखादा दगावतो आणि खापर फुटतं ते मासे विकणाऱ्यावर किंवा हवामानावर. वास्तविक घात झालेला असतो धुण्याच्या दिवशीच.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया नाहीसा करण्याचं काम फिल्टरमधले सूक्ष्मजीव करतात. काही जण त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच कमी घातक असतं. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रॅडस्की यांनी 1890च्या सुमारास ही साखळी उलगडली. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरी पायरी प्रामुख्याने नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू पार पाडतात, हे अमेरिकेतील टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिराही असतात, हे 2015 मध्ये सिद्ध झालं. या सगळ्यांचे दोन गुण टँकवाल्याने लक्षात ठेवावेत. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, सिरॅमिक रिंग, वाळू यांना चिकटून पातळ थर करून राहतात. आणि ते फार सावकाश वाढतात. म्हणूनच नवा टँक मुरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

‘पाणी काचेसारखं नितळ आहे, म्हणजे सगळं ठीक आहे,’ असं धुणारे म्हणतात. पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन आहेत. नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, कल्ले तपकिरी पडतात आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असतानाही मासा गुदमरतो. नितळ पाण्यात असं मरण येतं, तेव्हा भरवसा डोळ्यांवर ठेवायचा की थेंबांच्या टेस्ट किटवर, हे ठरवणं अवघड नसावं.

नळाच्या पाण्याचाही मुद्दा आहे. पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं, आणि ते जंतू मारण्यासाठीच असतं. एकदा हलकंसं खळबळून घेतल्याने सगळी वस्ती मरते असं नाही. चिकट थर तिला थोडं संरक्षण देतो. पण ब्रशने घासून तो थरच खरवडून काढला आणि वर क्लोरीनच्या पाण्याने उरलंसुरलं धुतलं, तर आसरा कशाचा राहणार?

काही कंपन्यांच्या खोक्यावर ‘दर महिन्याला कार्ट्रिज बदला’ असं छापलेलं असतं. त्यातला ॲक्टिव्हेटेड कार्बन काही आठवड्यांत निकामी होतो, एवढं खरं. तो बदलावा. स्पंज आणि रिंगा मात्र अगदी झिजून विरेपर्यंत टिकवाव्यात. त्या फेकणं म्हणजे जमलेली वस्ती कचऱ्याच्या डब्यात घालणं.

दुसऱ्या टोकाचा पक्षही तितकाच चुकतो. ‘तो तपकिरी गाळ म्हणजेच चांगले जिवाणू, त्याला हात लावू नका,’ असं म्हणत वर्षभर फिल्टर न उघडणारे कमी नाहीत. गाळाने स्पंज तुंबतो, पाणी बगलेने निघून जातं आणि आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे 4.57 ग्रॅम प्राणवायू लागतो. शिवाय या क्रियेत पाण्याची क्षारता खर्च होते आणि पाणी न बदललेल्या जुन्या टँकचा पीएच घसरत जातो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात पडून राहतो. मग एके दिवशी एकदम निम्मं पाणी बदललं की पीएच चढतो. तो 7 वरून 8 वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. ‘पाणी बदललं म्हणून मासे मेले’ ही तक्रार इथून येते. दोष असतो महिनोन्‌महिने पाणी न बदलण्याचा.

रात्री आवाजासाठी किंवा बिलासाठी फिल्टर बंद करणाऱ्यांनी साधा हिशेब मांडावा. 5 वॉटचा फिल्टर अखंड चालला तरी महिन्याला 3.6 युनिट लागतात. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर हाताशी असलेला बरा. बंद डब्याचा कॅनिस्टर बराच वेळ थांबला असेल, तर आतलं कुबट पाणी ओतून टाकल्याशिवाय तो सुरू करू नये.

मग धुवायचं कसं? आठवड्याला टँकमधलं पाव हिस्सा पाणी सायफनने बादलीत काढावं आणि स्पंज त्याच पाण्यात बुडवून दोन-तीनदा दाबावा. पाणी चहासारखं तपकिरी होतं, स्पंज मात्र तपकिरीच राहतो आणि राहू द्यावा. त्यातून धार मोकळी वाहू लागली की काम झालं. निरोगी स्पंजाला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला, तर आत प्राणवायू पोचत नव्हता असं समजावं. दर आठवड्याला स्पंज काढायची गरज नाही. प्रवाह मंदावला की धुवावा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच, आणि त्याच दिवशी वाळू उपसू नये. नवं पाणी हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) क्लोरीनमुक्त करून, तापमान जुळवून घालावं.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दलही टोकाचे दावे ऐकू येतात. काही बाटल्यांत योग्य जिवाणू जिवंत असतात आणि त्या उपयोगी पडतात. पण बाटली ओतली त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडायला हा परवाना नव्हे. त्यापेक्षा रोगमुक्त, चालू टँकमधला स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवणं खात्रीचं. दुधाला विरजण लावावं तसा तो काम करतो. तरीही टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबावं आणि मासे थोडे थोडे वाढवावेत.

ही माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याची पहिली जबाबदारी विक्रेत्याची आहे. आज टँक, फिल्टर आणि मासे एकाच पिशवीत घरी जातात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये असो की तालुक्याच्या गावी, दुकानदाराने आज टँक विकावा, सोबत मुरलेल्या स्पंजाचा तुकडा आणि टेस्ट किट द्यावं, आणि मासे न्यायला पाण्याचे आकडे घेऊन यायला सांगावं.