पदर उलटा करून पाहा

या अंकात ऑनलाइन दुकान थाटणाऱ्यांसाठी बरंच काही आहे. पण पैठणी विकायची असेल तर आमच्या मते मुख्य प्रश्न एकच, माल कुणाकडून घ्यायचा? व्हॉट्सअ‍ॅपवर पैठणीचे फोटो पाठवणारे ढिगाने भेटतात. त्यातले कितीतरी फोटो एकमेकांकडूनच उचललेले! म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी एक साडी मागवावी आणि पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे बहुधा सुटे धागे असतात. 'सिल्क मार्क' रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हातमागाची असल्याचं नव्हे. त्यासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा आहे. हा फरक झाकून बोलणाऱ्या पुरवठादाराला आम्ही तरी दारात उभं करणार नाही.

पुरवठादाराचा जीएसटी क्रमांकही सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं नाही तर तुमचं इनपुट क्रेडिट अडकतं, हे नवे विक्रेते हमखास विसरतात.

जमल्यास येवल्याला जाऊन माग पाहून या. भरजरी पैठणी विणायला कित्येक महिने लागू शकतात. आठवड्यात हव्या तितक्या विणून देतो म्हणणारा हातमागाची पैठणी विकत नाही.