मा. नगरसेवक

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारचा सहावीतला मुलगा वही घेऊन आमच्याकडे आला. नागरिकशास्त्राचा गृहपाठ होता. 'तुमच्या प्रभागातील नगरसेवकाचे नाव लिहा.' जन्मभर हाच विषय शिकवला म्हणून सगळी इमारत असले प्रश्न माझ्याकडे पाठवते. मी म्हटलं, "लिही, सध्या कोणीही नाही."

पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की म्हातारीचं आता काही खरं नाही. "आजी, असं कसं? कोपऱ्यावरच्या बोर्डावर नाव आहे की! मा. नगरसेवक."

आता त्याला काय सांगायचं? त्या 'मा.'चा अर्थ पूर्वी माननीय असा होता आणि ७ मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर तो माजी असा झाला. बोर्ड बदलावा लागला नाही, रंगाचाही खर्च नाही. आपल्या भाषेची ही सोय बघून मी थक्क झाले! मुलगा शाळेत गेला, बाईंनी सांगितलं की बोर्डावरचं नाव लिही, नाहीतर मार्क जातील. त्यानं लिहिलं. त्याला पूर्ण मार्क मिळाले.

मंडळी, मला राग आला तो त्या बाईंचा नाही. पाठ्यपुस्तकात लिहिलंय की महापालिकेत नगरसेवक असतात, महापौर असतो, स्थायी समिती असते. पुस्तक खोटं आहे असं ती बिचारी वर्गात कसं सांगणार? मला राग येतो तो आपला, तुमचा आणि माझा. ७ मार्च २०२२ पासून १५ जानेवारी २०२६ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं दहा महिने, देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता आणि आपलं काहीही अडलं नाही! दूधवाला दोन दिवस आला नाही तर आपण जिना उतरून चौकशी करतो. २२७ नगरसेवक गायब झाले तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता निवडणूक झाली. निकालही लागला. भाजप ८९, उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना ६५, शिंद्यांची २९, काँग्रेस २४, एमआयएम ८, मनसे ६ आणि उरलेले किरकोळ. गेल्या खेपेला, २०१७ मध्ये, अखंड शिवसेना ८४ आणि भाजप ८२ होते. पंचवीस वर्षांची सत्ता गेली, ठाकरे बंधू एकत्र आले तरी जमलं नाही, मराठी माणसाचं काय होणार... ही चर्चा टीव्हीवर आणि आमच्या कट्ट्यावर पोटभर झाली. कोण जिंकलं यावर मला आज लिहायचंच नाही. तुम्ही कुणाला मत दिलंत तेही विचारत नाही. मला न झालेल्या निवडणुकीबद्दल लिहायचंय, जी २०२२ मध्ये व्हायला हवी होती.

आमच्या कन्नमवार नगरात सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. सज्जन माणूस. पण त्यांचं ठाम मत असं, "बाई, नगरसेवक नव्हते तेच बरं होतं. टक्केवारी बंद, भांडणं बंद. आयएएस अधिकारी शिकलेला असतो, तो नीट चालवतो." हे वाक्य मी त्यांच्याच नाही, निदान पंधरा-वीस जणांच्या तोंडून ऐकलंय. सगळे शिकलेले. त्यातले दोघे तर माझेच विद्यार्थी, म्हणजे माझ्या शिकवण्याला शून्य मार्क!

नगरसेवक काही संत नव्हते, हे मला कुणी सांगायला नको. त्यांच्या गाड्या कशा वाढतात, गल्लीतल्या लादीकरणाचं काम दरवर्षी त्याच गल्लीत का निघतं, हे मी याच डोळ्यांनी बघितलंय. तरी एक आठवण सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी चढेना. आम्ही सात बायका रिकामे हंडे घेऊन भल्या पहाटे नगरसेवकाच्या दारात जाऊन बसलो. ते बनियनवर बाहेर आले, वैतागले, आम्हाला चार शब्द बोलले, आम्ही त्यांना आठ बोललो. मग आत जाऊन फोन लावला. पाणी काही त्या दिवशी आलं नाही, पण आठवड्याच्या आत आलं. त्यांनी काही मेहेरबानी केली नव्हती. पुढच्या वर्षी या सात घरांत मतं मागायला यायचंय, हे त्यांना त्या हंड्यांकडे बघून आठवलं, एवढंच.

प्रशासकाच्या दारात हंडा घेऊन बसता येतं का? तो असतो सीएसएमटीसमोरच्या त्या देखण्या इमारतीत. दारावर सुरक्षारक्षक आणि आत जायला पास. तो माणूस कितीही हुशार आणि प्रामाणिक असो, त्याला आमच्या मताची गरज नाही. त्याची बदली आम्ही करू शकत नाही, त्याला घरी बसवू शकत नाही. त्याची नेमणूक करणारे मंत्रालयात बसतात आणि तो तिकडेच बघणार. स्वभावाचा दोष नाही, नोकरीच आहे ती.

आणि हा वाद मुंबईला नवा नाही हो! १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड नावाचे कमिशनर मुंबईचा कारभार जवळजवळ एकहाती चालवत होते. कर्तबगार माणूस, क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच नावाचं. पण खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हा पंचविशीतले फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि त्यांनी गंमत अशी केली की क्रॉफर्डची बाजू घेतली! माणसाला दोष देऊ नका, लोकांनी निवडलेली सभा त्याच्यावर बसवा, असा त्यांचा मुद्दा. १८७२ च्या कायद्यानं ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. सगळ्या प्रौढांना मत मिळायला १९४८ उजाडावं लागलं. दीडशे वर्षांपूर्वी जे एका तरुण वकिलाला कळलं, ते आमच्या बँकवाल्या स्नेह्यांना कळत नाही. त्याच फिरोजशहांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे. त्यानं ही चार वर्षं काय काय पाहिलं असेल!

अर्थसंकल्पाचीच गोष्ट घ्या. पूर्वी आयुक्त तो स्थायी समितीपुढे ठेवायचे, मग सभेत चर्चा व्हायची, आरडाओरडा व्हायचा. या काळात आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी तो मांडायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचा. मी वर्गात मुलांना कधी स्वतःचे पेपर स्वतः तपासू दिले नाहीत. २०२३-२४ चा ५२ हजार ६१९ कोटींचा, पुढच्या वर्षीचा ५९ हजार ९५४ कोटींचा, २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा. बेरीज करा, १ लाख ८७ हजार कोटी होते. एवढ्या पैशावर सभागृहात एक प्रश्न नाही, एक उपसूचना नाही. जवळपास ४०० किलोमीटर रस्त्यांचं ६ हजार कोटींचं काँक्रिटीकरण याच काळात सुरू झालं. रस्ते चांगले असतीलही. पण अमुक रस्ता आधी का, तमुक ठेकेदार का, हे विचारायची खुर्चीच रिकामी होती. राजकारण मात्र बंद नव्हतं हं! २०२२ च्या डिसेंबरात मुख्यालयात दोन शिवसेनांची जुंपली आणि पक्षांच्या कार्यालयांना टाळं लागलं. २०२३ मध्ये पालकमंत्र्यांनी त्याच इमारतीत आपलं दालन थाटलं. म्हणजे निवडून आलेले बाहेर आणि मंत्री आत. टक्केवारी बंद झाली म्हणता? ज्या घरात विचारणारं कुणी नाही, तिथे चोरी झाली नाही असं म्हणायचं की कळली नाही असं म्हणायचं?

राज्यघटना याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. ७४ वी घटनादुरुस्ती, कलम २४३-यू. महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. यात 'शक्य असल्यास' असा शब्द नाही. २००६ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. मग मुंबईत काय झालं? ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, मागासवर्गीयांच्या जागा बुडवून निवडणूक घ्या असं मीही म्हणणार नाही. पण त्या खऱ्या प्रश्नाच्या पदराआड किती खेळ झाले! महाविकास आघाडीनं प्रभाग २२७ चे २३६ केले. सरकार बदललं, शिंदे-फडणवीसांनी २३६ चे पुन्हा २२७ केले. मग कोर्ट, 'जैसे थे', तारखा. प्रत्येक पक्षाला वाटत होतं की आज घेतली तर आपण हरू, आणि प्रत्येकाच्या या भीतीची किंमत आपण मोजली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. त्यातही मुदतवाढ मागून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत ढकललं. आणि मुंबईचं तरी बरं म्हणायचं. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासूनच सामसूम होती.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. अजून भारताचाच नागरिक. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या सिटी कौन्सिलची निवडणूक होती. राष्ट्रकुलातले नागरिक तिथे राहत असले की त्यांनाही मत देता येतं, हे मला तेव्हा कळलं. ओळखपत्र दाखवायचा नियम त्याच वर्षी सुरू झाला होता आणि हा पठ्ठ्या भारताचा पासपोर्ट दाखवून मत देऊन आला! मजूर पक्षाच्या बऱ्याच जागा गेल्या, सत्ता मात्र राहिली, वगैरे त्यानं फोनवर उत्साहानं सांगितलं. मग विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कधी?" भारताच्या पासपोर्टावर माझ्या भाच्याला लेस्टरचा नगरसेवक निवडता येत होता आणि मला विक्रोळीचा येत नव्हता! तिथेही लोक उदंड मतदान करतात असं समजू नका, स्थानिक निवडणुकीला तीनातला एक जेमतेम येतो. करोनामुळे २०२० च्या निवडणुका त्यांनीही पुढे ढकलल्या. पण वर्षभरच, आणि तारीख कायद्यात लिहून. २०२१ च्या मे मध्ये त्या घेतल्याही. २०२५ मध्ये काही कौन्सिलांच्या निवडणुका फेररचनेसाठी एक वर्ष लांबवल्या तर तिथे केवढा गहजब झाला. एक वर्षासाठी!

आता आपल्या विक्रोळीचंच बोलू. कांजूरच्या डंपिंग ग्राउंडचा वास टागोर नगर, कन्नमवार नगरला नवा नाही. रात्री वारा फिरला की खिडक्या लावा. लोकांनी अर्ज केले, आंदोलनं केली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. नाकाला येणाऱ्या वासासाठी दिल्लीपर्यंत जावं लागतं, कारण मधली पायरीच काढून घेतलेली. आणि पार्कसाईटची टेकडी. १८ जुलै २०२१ च्या पावसात सूर्यनगरला घरं कोसळून माणसं गेली, तेव्हा नगरसेवक होते. १६ ऑगस्ट २०२५ ला वर्षानगरात दरड कोसळून दोघांचा जीव गेला, तेव्हा नव्हते. नगरसेवक असते तर दरड थांबली असती, असलं काही मी म्हणत नाही. २०२१ ला कुठे थांबली? पण चार वर्षांत त्या टेकडीवर कुठे संरक्षक भिंत झाली, कुठे राहिली, हे सभागृहात उभं राहून विचारणारा, आणि न विचारल्याबद्दल ज्याला आपण जाब विचारू शकलो असतो असा एक माणूस तरी असता.

एवढं सगळं झाल्यावर, चार वर्षांच्या उपवासानंतर, १५ जानेवारीला पान वाढलं. संक्रांतीचा दुसरा दिवस, गुरुवार, सुट्टी. वाटलं होतं रांगा लागतील. मतदान किती? सुमारे ५३ टक्के. २०१७ पेक्षाही दोन-अडीच टक्क्यांनी कमी! आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं शुक्रवारची रजा टाकून लोणावळ्याला गेली. वर येऊन मलाच तिळगूळ देऊन गेली, वर म्हणतात, "बाई, तुम्ही गुडघे दुखत असताना कशाला गेलात?" मी त्यांना गोड काही बोलले नाही. यातल्या पुष्कळांना ५०० फुटांखालच्या घराचा मालमत्ता कर माफ आहे, म्हणून महापालिका म्हणजे आपला संबंध नाही असं त्यांना वाटतं. तुमच्या घरातलं पाणी कुठून येतं मग?

आणि निकाल लागल्याच्या पाठोपाठ बातमी काय, तर निवडून आलेल्या काही नगरसेवकांना वांद्र्याच्या पंचतारांकित हॉटेलात नेऊन ठेवलं. चार वर्षांनी भेटले, तेही हॉटेलात! आमचा बँकवाला स्नेही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र नाचवत आला. "बघा तुमची लोकशाही." मी म्हटलं, "बघतेय ना. हे निदान दिसतंय तरी. त्या १ लाख ८७ हजार कोटींचं तुम्ही काय बघितलंत?" त्यावर ते 'चला, ऊन वाढलं' म्हणून गेले.

असो. शेजारचा मुलगा आता मोठ्या वर्गात गेलाय. परवा त्याला हाताशी धरून कागद लिहायला बसवलं, माझा हात थरथरतो म्हणून. तीनच प्रश्न लिहिलेत. प्रशासकाच्या काळात आपल्या प्रभागात कोणती कामं झाली, किती पैशांत आणि कुठल्या ठेकेदारानं, याची यादी कधी मिळेल? टेकडीवरच्या संरक्षक भिंती पावसाळ्याआधी होणार का? डंपिंगच्या वासाबद्दल सभागृहात पहिला प्रश्न कधी विचारणार? खाली इमारतीतल्या एकवीस जणांच्या सह्या झाल्यात. लोणावळेवाल्यांनीही केल्या, मी करायला लावल्या. येत्या रविवारी सकाळी दहाला नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात जाणार आहोत. हंडे यावेळी नेणार नाही, पण माळ्यावरून काढून ठेवलेत.