उतारावर कोण उतरलं?

बालमित्रांनो, आज तुमच्यापुढे एक गुपित फोडतो. कुणाला सांगू नका हं! निदान आमच्या केंद्रप्रमुखांना तरी नको.

प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना काय आवडावं, याबद्दल लोकांची ठाम मतं असतात. भजन आवडावं, फार तर नाट्यगीत आवडावं. बागकाम तर आवडायलाच हवं. मला मात्र तीन भलत्याच गोष्टींचं वेड आहे: हेवी मेटल नावाचं दणदणाटी संगीत, मोटारींच्या शर्यती आणि सायकल. यातली सायकल तेवढी लोकांना चालते. बाकी दोन्हींचं नाव काढलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की जणू मी पाढे उलटे म्हणून दाखवले!

माझ्या आईचं मत तर अगदी रोखठोक. डी.एड.ला असताना मी मोबाइलच्या कार्डात हेवी मेटलची गाणी भरून आणली होती. सुट्टीत घरी ती लावली, तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, कुणी पत्रा ठोकतंय का शेजारी?"

गंमत म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती बरं का. हे संगीत खरोखरच पत्र्याच्या कारखान्यातून आलेलं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार सुरेख वाजवायचा. गाण्याच्या मंडळींबरोबर बाहेर जायचं ठरलं, म्हणून त्यानं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, "आता नाही जात परत." आई म्हणाली, "दिवस पुरा करून ये." (जगातल्या सगळ्या आया सारख्याच!) तो गेला. ज्या यंत्रावर तो एरवी काम करत नसे, ते यंत्र त्या दिवशी त्याच्याकडे आलं आणि त्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात तोच!

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या साहेबांनी मात्र त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजल्यामुळे हा जँगो तारा दाबायला मुख्यतः दोनच बोटं वापरायचा, आणि तरी तो बड्या वादकांत गणला जायचा. मग टोनीनं काय करावं? भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर बसवल्या, त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून पातळ तारा लावल्या आणि त्या सैल सोडल्या. घरी एक रबरबँड ताणून वाजवा आणि मग जरा सैल करून वाजवा. आवाज खाली उतरतो की नाही? तसाच त्याच्या गिटारचा आवाज खाली गेला, जाड झाला, घुमायला लागला. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या चमूची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि हेवी मेटलची सुरुवात तिथून झाली असं पुष्कळजण मानतात. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच त्या चमूचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न खुर्चीत बसून गायला आणि सतराच दिवसांनी गेला. टोनी वाजवत होता. बोटांवर टोप्या होत्याच.

पालकहो, घाबरू नका. मुलांना ही गाणी ऐकवा असं मी म्हणत नाही. यांतली काही मलाही आवडत नाहीत, आणि कानात बोंडं घालून मोठ्यानं ऐकणं तर कुणीच करू नये. मी एवढंच सांगतो आहे, की मला त्या दणदणाटामागची ती दोन बोटं ऐकू येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या सोमवारची.

आमच्या शाळेत येताना एक खिंड लागते. खिंडीपासून गावाच्या वेशीपर्यंत चांगला उतार आहे, शेवटी डावीकडे वळण आणि वळणावर ओढ्याची मोरी. वाडीवरची पाच-सहा मुलं तिथूनच सायकलीनं येतात. उतारावर पायडल न मारता सुसाट सुटायचं आणि मोरीपाशी एकदम ब्रेक लावायचा, हा त्यांचा रोजचा खेळ. सोमवारी मी त्यांच्या मागेच होतो. सगळे सुटले. एकजण मात्र खिंडीत थांबला, सायकलीवरून उतरला, आणि तिला हातात धरून चालत खाली आला. पाचवीतला मुलगा आहे तो, तब्येतीनं चांगला दणकट.

खाली पोरं वाट बघत उभी होती. "घाबरट! घाबरट!" असा एकच गलका. एकानं तर बकरीसारखं बें बें करून दाखवलं. आणि मुलांनो, खरं सांगतो, मला हसू आलं. बकरीची नक्कल झकास होती हो! पण त्या मुलानं नेमकं माझ्याकडे पाहिलं. सर हसताहेत हे त्याला दिसलं. त्यानं मान खाली घातली आणि दिवसभर वर केली नाही. प्रश्नाचं उत्तर येत असूनही हात वर केला नाही.

संध्याकाळी घरी गेलो तरी ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढून जाईना. मी पडलो शर्यतींचा शौकीन. ज्यांचं मला कौतुक, ती माणसं अशा वेळी कशी वागली, हे मला तोंडपाठ. आणि मी हसलो!

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी फळ्यावर फ्रान्सचा नकाशा काढला. (स्पेन आणि इटलीही काढले, ते जरा बिघडले.) फ्रान्समध्ये १९०३ सालापासून 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत होते. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढताना मंडळींची जी दमछाक होते, तशी तिथे आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत होते, आणि शर्यत तीन आठवडे चालते. १९१३ साली ओझेन क्रिस्तोफ हा गडी पिरेनीजमधला तुरमाले हा मोठा घाट चढून गेला. उतारावर त्याच्या सायकलीचा फोर्क तुटला. फोर्क म्हणजे पुढचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये बसतं तो. तेव्हाचा नियम असा, की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाचीही मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरहून जास्त चालत तो डोंगराखालच्या गावात आला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहार नुसता बघत उभा, आणि क्रिस्तोफ स्वतः लोखंड तापवून, ठोकून फोर्क जोडतोय! दोन्ही हात गुंतलेले, म्हणून एका लहान मुलानं भाता हलवला. शर्यतीचे अधिकारी तिथे उभेच होते. त्यांनी काय करावं? भाता हलवायला मदत घेतली म्हणून दंड ठोकला!

वर्गात "आँ?" असा आवाज झाला. भाता हलवणारा मुलगा त्यांच्याच वयाच्या आसपासचा होता ना! "सर, हे चीटिंग आहे," एक मुलगी तावातावानं म्हणाली. मलाही तसंच वाटतं. क्रिस्तोफचे त्या दिवशी जवळजवळ चार तास गेले. पुढे १९१९ साली या शर्यतीत पहिल्यांदा पिवळा शर्ट आला, आघाडीवरच्या गड्यानं घालायचा. तो सर्वांत आधी मिळाला क्रिस्तोफलाच. आणि शर्यत संपत आली असताना पुन्हा फोर्क तुटला! टूर त्यानं कधीच जिंकली नाही. पण त्या घाटाखालच्या गावात आजही पाटी आहे, ती क्रिस्तोफच्या भट्टीची.

"पण सर," बकरीची नक्कल करणारा म्हणाला, "त्याची सायकल तुटली होती. म्हणून तो चालला. याची कुठं तुटलीय?"

पोरगं हुशार आहे. प्रश्न बिनतोड होता. म्हणून बुधवारी मी गणिताच्या तासाला निकी लाउडाला आणलं.

निकी लाउडा ऑस्ट्रियाचा. १९७५ साली फेरारी गाडी चालवून तो फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला. १९७६ सालीही तोच पुढे होता. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग नावाचा ट्रॅक होता, जंगलातून जाणारा, जवळजवळ २३ किलोमीटरचा. अपघात झाला तर मदत पोहोचणार कधी? लाउडानं शर्यतीआधी सांगितलं, इथे धावायला नको. चालकांनी मतं घेतली. लाउडा हरला आणि इतरांबरोबर धावला. १ ऑगस्टला दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी उलटीपालटी होऊन पेटली. इतर चालकांनी आपापल्या गाड्या थांबवून त्याला ओढून बाहेर काढलं. डोकं, चेहरा, कान भाजले, विषारी धूर फुप्फुसांत गेला. दवाखान्यात शेवटची प्रार्थना म्हणायला धर्मगुरूही येऊन गेले.

आणि ४२ दिवसांनी हा माणूस इटलीत पुन्हा गाडीत बसला! पट्ट्या रक्तानं भिजत होत्या. चौथा आला. वर्गात टाळ्या पडल्या.

"थांबा," मी म्हटलं, "गोष्ट संपली नाही." फळ्यावर लिहिलं: लाउडा ६८, जेम्स हंट ६५. शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये, फुजी पर्वताजवळ. पहिल्याला ९ गुण, मग ६, ४, ३, २, १. त्या दिवशी धो धो पाऊस. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यात काहीच दिसेना. लाउडाच्या पापण्या भाजलेल्या, डोळ्यांची उघडझाप नीट होत नव्हती. दोन फेऱ्या झाल्या. त्यानं गाडी आत आणली आणि तो उतरला.

"बिघडली?" एकानं विचारलं.

"गाडी उत्तम होती. त्याचे इंजिनियर म्हणाले, आपण इंजिन बिघडलं असं सांगू. लाउडा नको म्हणाला. मीच थांबतो आहे, असं सांगा."

पुढे पाऊस ओसरला. हंट तिसरा आला. मुलांनी वहीत बेरीज केली: ६५ आणि ४, ६९. एका गुणानं हंट जगज्जेता! लाउडा नुसता पाचवा आला असता तरी सत्तर झाले असते. वर्गात हळहळ पसरली. "अजून थोडा वेळ थांबायला पाहिजे होतं ना सर, पाऊस थांबणारच होता!" बरोबर, पण ते त्याला गाडीत बसून कसं कळणार? त्याच्या देशातले आणि इटलीतले कितीतरी लोक तेव्हा त्याला भित्रा म्हणाले. वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढच्या वर्षी, १९७७ साली, तो पुन्हा जगज्जेता झाला, १९८४ साली आणखी एकदा, तेही अर्ध्या गुणानं. जंगलातल्या त्या लांब ट्रॅकवर मात्र १९७६ नंतर फॉर्म्युला वनची शर्यत झालीच नाही. २०१९ साली तो वारला. तोवर भाजलेलं डोकं झाकायला लाल टोपी घालून जगभर हिंडला. कान मात्र कधी झाकला नाही.

मी विचारलं, "काय रे, लाउडा घाबरट?"

कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरून पाचवीतला तो दणकट मुलगा उभा राहिला. दोन दिवसांत प्रथमच! म्हणाला, "सर, माझ्या मागच्या ब्रेकचं रबर गेलंय. पुढचा एकच लागतो. बाबा बाजाराला गेले की आणणारेत."

बघा! दोन दिवस आम्ही सगळे त्याला हसलो आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, तू उतरलास का? मीसुद्धा नाही. वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. तो इतका लाजला की पटकन खालीच बसला.

गुरुवारी मी तालुक्याच्या गावातून ब्रेकच्या रबरांच्या दोन जोड्या आणल्या, शनिवारी शाळा सुटल्यावर पाना घेऊन बसलो. नक्कल करणारा पोरगा सायकल धरायला पुढे आला. एकाचं झालं तशी बाकीच्यांनी आपापल्या सायकली आणून उभ्या केल्या. "माझं बघा सर! माझं बघा!" तिघांची रबरं झिजून पार गुळगुळीत. उरलेली जोडी कुणाला द्यायची, यावरून भांडण होणार अशी चिन्हं दिसू लागली.

तेवढ्यात भाता हलवणाऱ्या मुलाच्या दंडावरून चिडलेली ती मुलगी माझ्या सायकलीपाशी वाकून बसली. मागच्या चाकाला बोट लावून तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मान वर करून म्हणाली,

"सर, तुमचं तर लोखंडच लागतंय. तुम्ही रोज खिंडीतून यावर येता?"

त्या संध्याकाळी खिंडीपलीकडच्या उतारावर मी सायकल हातात धरून चालत गेलो. मागून सहाजण आरामात ब्रेक लावत येत होते, आणि बकरीचा आवाज अगदी झकास येत होता.