पडता येईल अशा विमानासाठी मैदान

ज्या शहरात १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या धडाडीमुळे आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या पाठबळामुळे या देशातला पहिला विमान कारखाना उभा राहिला, जेथे त्यानंतरच्या आठ दशकांत विमानविद्येच्या प्रयोगशाळा आणि कार्यशाळा एकीशेजारी एक वाढत गेल्या, आणि ज्याच्या माथ्यावरून तेजसची गर्जना ऐकू आली म्हणजे वर्गातली मुले आजही खिडकीकडे धावतात, त्या बंगळुरूत एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला पाऊण किलो वजनाचे फोमचे विमान स्वतःच्या हाताने उडवायला शिकायचे असेल, तर तिला रविवारी पहाटे साडेचारला उठून शहराची हद्द ओलांडावी लागते. ही मुलगी माझी भाची आहे. तिच्याबरोबर मीही गेले सहा महिने ही विद्या शिकत आहे. आणि तेवढ्या अनुभवाच्या बळावर शहराच्या कारभाऱ्यांपुढे एक कैफियत मांडण्याचे मी योजिले आहे.

आमचे शिक्षण आनेकलच्या बाजूला एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात चालते. एका कडेला नाचणीची शेते, दुसऱ्या कडेला निलगिरीची रांग, आणि मधली भूमी सपाट व भुसभुशीत. शिकविणारे गृहस्थ विमान कारखान्यातून निवृत्त झालेले कन्नड तंत्रज्ञ असून तेथील सर्व मुले त्यांना ‘मेष्ट्रु’, म्हणजे मास्तर, अशी हाक मारतात. आम्हीही तीच उचलली आहे. त्यांनी आमच्यासाठी निवडलेल्या विमानाचे पंख धडाच्या वर बसविलेले, टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटर लांबीचे आणि दोन्ही टोकांना किंचित वर उचललेले आहेत. रडर, एलिव्हेटर आणि थ्रॉटल एवढ्या तीनच गोष्टी रिमोटच्या हुकमतीत आहेत. आणि प्रॉपेलर फिरविणारी ब्रशलेस मोटर तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर आठ-दहा मिनिटे चालते. नवशिक्याच्या चुका पोटात घालाव्यात याच हेतूने ही सारी रचना केलेली असते. असे विमान एका अंगाला कलून घसरू लागले की खाली गेलेल्या पंखाला समोरची हवा अधिक कोनात भिडते, तो पंख अधिक उचलला जातो, आणि रिमोटच्या काठ्यांवरचा हात ढिला सोडला तर विमान बहुधा आपणच सावरते. हात ढिला सोडणे मात्र शिकावे लागते, आणि त्याला आम्हा दोघांनाही बरेच रविवार लागले.

पहिल्या तीन रविवारी मेष्ट्रुंनी विमान जमिनीवरून उचलूच दिले नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जी रुंदी असते तिच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर दोन बोटे टेकवून विमान तोलून धरायचे, नाक किंचित खाली झुकते की शेपूट हे पाहायचे, आणि बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य जागेवर आणायचा, एवढाच पाठ. चौथ्या रविवारी भाचीने घाईत बॅटरी दोन बोटे मागे बसविली आणि तोलून न पाहताच विमान सोडले. ते नाक वर करून चढले, चढता चढता मंदावले, क्षणभर हवेत थबकल्यासारखे झाले आणि कुशीवर वळून तळ्याच्या मातीत घुसले. मेष्ट्रु काही बोलले नाहीत. तिने तुकडे गोळा केले, घरी आणले, ते चिकटविण्यात एक संध्याकाळ घालविली, आणि मग दुरुस्त विमान दोन बोटांवर धरून ती मला म्हणाली, “मामा, शेपूट जड झालं होतं.” पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वमध्याची व्याख्या तिने त्यापूर्वी दोनदा तरी पाठ केली होती; परंतु त्या संध्याकाळी ती व्याख्या तिच्या बोटांत उतरली, आणि माझ्या मागणीचे सारे बीज मला त्या संध्याकाळीच सापडले.

उड्डाणाचा खरा पाठ पहाटेच्या निवांत हवेत चालतो, कारण सूर्य वर आला की तापलेल्या जमिनीवरून झोत उठू लागतात, आणि आषाढ-श्रावणात तर पश्चिमेचा वारा नवशिक्याला उभेही राहू देत नाही. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेहून आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि मुंबईच्या चौपाटीवर जे विमान ज्या वेगाने तरंगेल, त्याला येथे थोडे अधिक धावावे लागते. विमान हातातून सोडायचे ते वाऱ्याच्या तोंडावर, नाक आकाशाकडे न करता सरळ क्षितिजाकडे. आणि एकदा चाळीस मीटर उंची गाठल्याशिवाय कोणतेही वळण घ्यायचे नाही, कारण झालेली चूक निस्तरायला जो अवकाश लागतो तो उंचीतूनच मिळतो. पुढची अडचण अशी की विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर त्याचे डावे-उजवे आणि आपले डावे-उजवे एकच असते, परंतु ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटे होते, आणि भांबावलेला हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. मेष्ट्रुंचा उपाय साधा आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काठी ढकलावी, म्हणजे झुकत्या पंखाला जणू टेकू द्यावा. ऐकायला हे किती सोपे. परंतु माझ्या हाताला ते समजायला दीड महिना लागला, आणि भाचीच्या हाताला दोन रविवार.

याहूनही अवघड पाठ स्टॉलचा. विमान फार सावकाश उडू लागले की पंखांवरून वाहणारी हवा पृष्ठभागाला धरून राहत नाही, उचल नाहीशी होते आणि विमान कोसळू लागते. आमच्यासारख्या विमानाच्या बाबतीत हा वेग ताशी २५ किलोमीटरांच्या आसपास येतो. त्या क्षणी मनुष्याची सारी सहजप्रवृत्ती त्याला काठी मागे ओढायला, विमानाचे नाक वर करायला सांगते, आणि तसे केल्यास विनाश ठरलेला असतो. नाक खाली दाबावे, पडणाऱ्या विमानाला आणखी खाली जाऊ द्यावे, वेग मिळू द्यावा, आणि मग सावकाश वर यावे, हाच एक मार्ग. भयाच्या क्षणी भयाच्या विरुद्ध दिशेला हात नेण्याचे हे शिक्षण चौदाव्या वर्षी मिळावे यासारखे भाग्य नाही, असे मी मनापासून मानतो. आरंभी मेष्ट्रुंचा रिमोट तारेने विद्यार्थ्याच्या रिमोटला जोडलेला असतो आणि एक खटका सोडताच विमान गुरूच्या हाती जाते. परंतु तो खटका ते फार उशिरा सोडतात, आणि त्या उशिरातच त्यांचे शिक्षकपण आहे.

येथे कोणी म्हणेल की आता ड्रोन आले आहेत, ते दुकानातून आणून गच्चीवरून उडविता येतात, मग हा खटाटोप कशाला? शेतावर औषध फवारण्यापासून जमिनीच्या मोजणीपर्यंत ड्रोनने जी कामे पत्करली आहेत त्यांचे मोल मी जाणतो. परंतु चार पंख्यांचे ते यंत्र काठ्या सोडल्या तरी जागच्या जागी उभे राहते. त्याच्या पोटातील जायरो, वायुदाबमापक आणि उपग्रहांच्या खुणा क्षणाक्षणाला चूक दुरुस्त करीत असतात, आणि ती चूक झाली होती हेच मुलाला कळत नाही. संगणकावरच्या सिम्युलेटरने आमच्या हाताला वळण लावले हे खरे, पण तेथे कोसळलेले विमान एक कळ दाबताच नवे होते. चिकटविण्याची संध्याकाळ तेथे नाही. शिकणाऱ्याला असे विमान हवे, की जे त्याच्या चुकीने पडेल आणि त्याच्याच हाताने दुरुस्त होईल.

विमानविद्येचा इतिहासही खेळण्यांपासूनच सुरू होतो. १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे इवलेसे विमान अकरा सेकंद उडवून दाखविले आणि शेपटीमुळे विमानाला स्थैर्य कसे येते हे सिद्ध केले. आणि पेनोच्याच कल्पनेवर आधारलेले एक उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिले होते. आमच्या बाजूने पाहावे तर विष्णू माधव घाटगे यांचे नाव घ्यावे लागेल. कोल्हापूरकडच्या गडहिंग्लज भागातला हा मुलगा ग्योटिंगेन येथे ल्युडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून बंगळुरूला आला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली येथे आखलेले एचटी-२ हे विमान १९५१ साली आकाशात झेपावले. ते प्रशिक्षणाचे विमान होते. पुढे १९५८ साली ‘पुष्पक’ उडाले, तेही फ्लाइंग क्लबांतील नवशिक्यांसाठी, आणि त्याचे पंखही आमच्या फोमच्या विमानाप्रमाणे धडाच्या वर होते. स्वतंत्र देशाने प्रथम शिकाऊ माणसाचे विमान बांधावे, या क्रमात केवढे शहाणपण होते! ते शहाणपण आम्ही कारखान्याच्या भिंतीआत ठेवले आणि गल्लीतल्या मुलापर्यंत येऊ दिले नाही.

आमचे मैदान ज्या आनेकलच्या बाजूला आहे त्याच आनेकलशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. तेथील सुब्बराय शास्त्री यांनी गेल्या शतकाच्या आरंभी सांगून लिहविलेला ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन विमानविद्येचा पुरावा म्हणून आजही पुढे केला जातो. आणि याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच विद्वानांनी १९७४ साली त्याची साक्षेपाने चिकित्सा करून, तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा अर्ध्या शतकानंतरही घरोघर पोहोचलेला नाही. मला वाटते, ज्या मुलीने विमान दोन बोटांवर तोलले आहे तिला त्या ग्रंथातील आकृती दाखविली तर ती भक्तीचा किंवा उपहासाचा एक शब्दही न उच्चारता प्रथम एवढेच विचारील की याचा गुरुत्वमध्य कोठे आहे. परंपरेचा आदर आणि सत्याची चाड यांचा झगडा मिटविण्याचा याहून सौम्य मार्ग मला ठाऊक नाही.

आता मैदानाच्या मागणीकडे येतो. कायदा येथे आडवा येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा करमणूक यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे, त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही, आणि दोन किलोपर्यंतचे विमान व्यापाराव्यतिरिक्त उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवानाही लागत नाही. विमानतळांच्या परिघातील आकाश अर्थातच वर्ज्य आहे आणि असलेच पाहिजे. देवनहळ्ळी, येलहंका, जक्कूर आणि एचएएलचा जुना तळ यांनी या शहराचा मोठा भाग व्यापला असल्याने नकाशा पाहूनच जागा निवडावी लागेल. पण त्या नकाशावरील हिरव्या, म्हणजे खुल्या, टापूत ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, आणि आम्हाला तर त्याच्या निम्मीही उंची लागत नाही.

अडते ते जागेपाशी. या शहराची मोकळी भूमी म्हणजे त्याची तळी होती. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचे बसस्थानक आले आणि संपंगी तळ्यावर कंठीरव क्रीडागार. आनेकलकडचे आमचे पात्रही एखाद्या चांगल्या पावसाळ्यात भरेल, भरलेच पाहिजे, आणि त्या दिवशी आमची शाळा बंद होईल. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवितात, पण ते भाग्य थोड्या छात्रांचे. म्हणून आमच्या वस्तीजवळचे एक सार्वजनिक मैदान रविवारी सकाळी सहा ते आठ एवढ्यापुरते मिळावे असा अर्ज आम्ही केला. तो एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेला, आणि ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव मंजुरी देता येत नाही’ या शेऱ्यासह चार महिन्यांनी परतला.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारा प्रॉपेलर बोट कापू शकतो. प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टपलीकडे चढविलेली किंवा ३ व्होल्टखाली उतरविलेली बॅटरी निकामी होते आणि प्रसंगी पेटते. परंतु हे धोके मैदान नाकारल्याने टळत नाहीत. ते गच्चीवर, रस्त्यावर आणि विजेच्या तारांखाली जातात, जेथे सांगणारा कोणी नसतो. जेथे मेष्ट्रुंसारखा माणूस उभा आहे, उडविणाऱ्यांची रेषा आखलेली आहे, प्रेक्षक दोरीमागे आहेत आणि बॅटऱ्या वाळूच्या बादलीशेजारी आहेत, तेथेच मुलांना या धोक्यांशी वागण्याची रीत शिकविता येते. या शहरात अशी निवृत्त माणसे शेकड्यांनी असतील. त्यांच्या हातांतली विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देणे हा मला सार्वजनिक संपत्तीचा अपव्यय वाटतो.

अर्जाची दुसरी प्रत आम्ही या आठवड्यात दाखल करीत आहोत. या वेळी तिच्यासोबत मैदानाचा नकाशा जोडला आहे. उडविणाऱ्यांची रेषा, दोरीच्या खुंट्या आणि विजेच्या तारांपासूनचे अंतर भाचीने त्यात लाल शाईने दाखविले आहे, आणि मैदानाची मोजणी आम्ही दोघांनी पावलांनी केली आहे: लांबी एकशे ऐंशी पावले, रुंदी एकशे तीस.