सही केपटाऊनची, नियत दिल्लीची

दुसऱ्याचे विमान भाड्याने आणायचे, भाडे थकवायचे आणि मालक दारात उभा राहिला की दिवाळखोरी संहिता त्याच्या तोंडावर फेकायची, या निर्लज्जपणाला आपल्या देशात जवळजवळ वर्षभर कायद्याचे कवच मिळाले. केपटाऊन हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, विमान कंपनी बुडाली तर ठरल्या मुदतीत थकबाकी चुकवा, नाहीतर विमान मालकाच्या हवाली करा. २००८ साली भारताने हा करार स्वीकारला आणि दोन महिन्यांची मुदत स्वमुखाने जाहीर केली. पण १० मे २०२३ रोजी गो फर्स्ट या विमान कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ ची वसुलीवरील स्थगिती परक्याच्या मालकीच्या विमानांवरही आदळली. मालकांचा अर्ज आला की पाच कामकाजी दिवसांत विमानाची नोंदणी रद्द करा, असे सरकारचाच नियम बजावतो. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) स्थगितीकडे बोट दाखवून हात वर केले. विमाने गंजत पडली. इंजिनाच्या पंख्याची पातीच गायब झाल्याचे गाऱ्हाणे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी त्या न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा हुकूम सोडला. दोन महिन्यांचे वर्ष झाले!

हा अपघात होता, असे कोणी सांगू नये. २०१२ साली किंगफिशर ही विमान कंपनी जमिनीवर आली, तेव्हाही विमानमालकांना आपलीच मालमत्ता सोडवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. करार देशात लागू करणारा कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिलेला, विधेयकाचा मसुदा २०१८ साली तयार. पण तो धूळ खात पडला. आणि त्याच काळात केंद्र सरकार गुजरातेतील गिफ्ट सिटीत करसवलतींच्या पायघड्या घालून विमाने भाड्याने देणाऱ्यांना ‘या, या’ म्हणत होते! पुढच्या दाराने आमंत्रण, मागच्या दाराला कुलूप.

याची किंमत मंत्र्यांनी मोजली नाही. मालक धोक्याचा भार भाड्यात घालतो, कंपनी तो तिकिटात घालते आणि बुडालेल्या कंपनीकडून परताव्याची वाट पाहून थकलेला प्रवासी पुन्हा तेच महाग तिकीट काढतो. आमच्या वाचकांना हे गणित कोणी शिकवण्याची गरज नाही.

जगभर नाचक्की झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये विमानांना स्थगितीतून वगळणारी अधिसूचना निघाली आणि २०२५ साली करार लागू करणारा कायदा झाला. वरातीमागून घोडे! सतरा वर्षे, दोन्ही रंगांच्या राजवटींत, जगाला दिलेला शब्द ज्यांनी फिरवला, त्यांनी भाडे बुडवणाऱ्या कंपनीकडे कोणत्या तोंडाने बोट दाखवावे? एकाने पैसा थकवला, दुसऱ्याने शब्द. थकबाकीदार दोघेही.